चेन ताणून बसवणाऱ्यांना उत्तर

“चेन-स्प्रॉकेट ही जायचीच वस्तू आहे. टायर जातो तशी चेन जाते. ढिली झाली की ओढून घ्यायची, ओढायला जागा उरली नाही की सेट टाकायचा. तिचं तेलपाणी करत बसणं हा रिकाम्या माणसाचा उद्योग.” महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजबाहेर अर्धा तास थांबलं की हे ऐकायला मिळतं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. त्यातल्या अनेकांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्या खोलल्या आहेत आणि त्यांच्या हातच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण हे म्हणणं चुकीचं आहे. त्यानं गाड्यांचं नुकसान होतं, गाडीवर पोट असणाऱ्यांचं त्याहून जास्त होतं, म्हणून ते खोडून काढायला हवं.

त्यात खरं किती ते आधी मान्य करतो. चेन झिजते. लोखंडावर लोखंड घासणार, वर धूळ-पाणी पडणार, तेव्हा ती कायम टिकेल असं कुणीच म्हणत नाही. टायरचा दाखलाही मला मान्य आहे. मात्र तो पुरता द्यावा. टायर जायचाच असतो, तरी आपण त्यात हवा भरतो, पंपावर थांबून तपासतो, हवा कमी ठेवून चालवणाऱ्याला चार शब्द सुनावतो. टायर झिजणार म्हणून तो कसाही वापरावा असं कुणी म्हणत नाही. चेनच्या बाबतीत मात्र ‘झिजणारच’ या एका शब्दावर सगळी जबाबदारी झटकली जाते. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या एकाच गावात फिरतात; एकीची चेन दुसरीच्या दुप्पट अंतर जाते. हा फरक नशिबाचा नाही.

चेनमध्ये नेमकं काय झिजतं, इथून सुरुवात करू, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. आज आपल्या गाडीला असते ती बुश आणि रोलर असलेली चेन हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये 1880 साली काढली. तिची रचना अजूनही मुळात तीच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्यांना पिन पक्की बसवलेली, आतल्या दोन पट्ट्यांना बुश पक्का बसवलेला, पिन त्या बुशच्या आत फिरते, आणि बुशच्या बाहेरून रोलर फिरतो. स्प्रॉकेटच्या दातांना टेकतो तो रोलर. चेन लांब होते तेव्हा आपल्याला वाटतं की पट्ट्या ताणल्या गेल्या. पट्ट्यांना जवळपास काही होत नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश एकमेकांना खातात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा पडते, आणि शंभरेक सांध्यांची ती केसभर जागा मिळून चेन बोटभर लांब होते. म्हणजे झीज बाहेर दिसते तिथे नसतेच. ती आत असते, जिथे बोट पोचत नाही आणि जाडसर ग्रीसही पोचत नाही.

आता या सांध्याला किती काम पडतं ते पाहा. 100 सीसीची साधी गाडी घेऊ. पुढे 14 दात, मागे 44, चेन 428 नंबरची, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. मागच्या 18 इंची टायरचा घेर साधारण 1.85 मीटर धरला तर एका किलोमीटरला चाक 540 वेळा फिरतं. दर फेऱ्याला 44 कड्या पुढे सरकतात. चेनमध्ये शंभर कड्या धरल्या तर अख्खी चेन किलोमीटरमागे 235 ते 240 वेळा पूर्ण फिरते. दर फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा मुडपतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मागच्यावर चढताना, उतरताना. दहा हजार किलोमीटरचा हिशेब केला तर एकेका सांध्याच्या वाट्याला सुमारे 95 लाख मुरडी येतात. त्यातल्या निम्म्या पुढच्या लहान स्प्रॉकेटवरच्या, आणि त्या जास्त वाईट. 14 दातांवर सांध्याला जवळजवळ 26 अंशांतून वळावं लागतं, 44 दातांवर फक्त 8 अंशांतून. ‘ओढ वाढावी’ म्हणून पुढे 13 दातांचं स्प्रॉकेट टाकून घेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. मुरडीचा कोन वाढतो, चेनवरचा ओढही वाढतो, आणि वर चेनच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात.

95 लाख वेळा वळणाऱ्या सांध्यात तेलाचा पातळ थर आहे की कोरडी माती आहे, यावर सगळं अवलंबून आहे. आणि दर मुरडीला तो सांधा किती दाबाखाली वळतो यावर. पहिली गोष्ट थोड्याफार लोकांना पटते. दुसरी जवळपास कुणालाच पटवता येत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या चेनचा मोठा घात तिथेच होतो.

चेन घट्ट ओढली जाते. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चूक आहे असंही कुणाला वाटत नाही. गाडीवाला म्हणतो, “चेन वाजतेय, टाईट कर.” फिटर गाडी डबल स्टँडवर घेतो, मागचा नट सैल करतो, दोन्ही ॲडजस्टर फिरवतो, चेनला बोटानं टिचकी मारतो, ती तारेसारखी लागली की खूश होतो. आवाज थांबतो. गाडीवाला वीस-तीस रुपये देऊन समाधानानं निघतो. महिन्याभरात पुन्हा आवाज, पुन्हा ओढणं. हे चक्र चालू राहतं आणि शेवटी दोघांचं एकमत होतं की हल्लीच्या चेनमध्ये दम नाही.

घट्ट चेन सुरक्षित, ढिली चेन धोक्याची, हा या कामामागचा तर्क. त्याची बाजू पूर्ण पोकळ नाही. फार ढिली चेन दातांवरून उडी मारते, उतरते, आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फोडते किंवा मागचं चाक जाम करून माणसाला पाडते. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणून चेन तारेसारखी ताणणं हे भलत्याच भूमितीवर उभं आहे.

तीन बिंदू डोळ्यांसमोर आणा. पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो गिअरबॉक्सचा शाफ्ट. त्याच्या थोडं मागे, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याची पिन, जिच्यावर चिमटा वर-खाली होतो. आणि चाकाचा ॲक्सल. गाडी डबल स्टँडवर असते तेव्हा चाक लोंबतं, चिमटा खाली झुकलेला असतो आणि हे तीन बिंदू एका रेषेत नसतात. वर माणूस बसला की शॉकअप दबतात, चिमटा वर येतो, तिन्ही बिंदू एका रेषेकडे सरकतात, आणि तसं होताना शाफ्ट व ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. तिन्ही एका ओळीत आले की ते सर्वांत जास्त असतं. वाढ दिसायला क्षुल्लक, मिलिमीटरभराची. पण चेनचा खालचा पट्टा अर्ध्या मीटरहून थोडा लांब असतो, आणि अशा पट्ट्याची वीस-पंचवीस मिलिमीटरची वर-खाली हालचाल संपवायला अंतरातली मिलिमीटरभर वाढ पुरेशी होते. म्हणजे स्टँडवर जी चेन ‘मस्त टाईट’ वाटते ती दोन माणसं बसल्यावर, खड्ड्यात चाक गेल्यावर, ताणाला पुरतच नाही. तिला लांब व्हायचं असतं, होता येत नाही. मग तो ओढ पिना, बुश, दोन्ही स्प्रॉकेटचे दात, मागच्या हबचं बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग यांच्यावर पडतो. इंजिनची ताकद कितीही कमी असो, हा ओढ इंजिनचा नसतोच. तो गाडीच्या आणि माणसांच्या वजनाचा असतो, खड्डा मारतो तेव्हाचा.

दूध घालणाऱ्या गाड्या पाहा. दोन्ही बाजूंना 40 लिटरचे कॅन भरून लटकवले की नुसत्या दुधाचंच वजन 80 किलोंच्या वर जातं. शॉकअप कायम दबलेले. अशा गाडीची चेन रिकाम्या गाडीवर, स्टँडवर चढवून, ढिलाई न ठेवता बसवणं म्हणजे तिला पहिल्याच दिवसापासून ताणाखाली ठेवणं. काही महिन्यांनी पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील गळायला लागतं, तेव्हा सीलला दोष दिला जातो, सील बदललं जातं, आणि चेन पुन्हा तशीच घट्ट ओढून गाडी परत दिली जाते. शाफ्ट डुगडुगायला लागलेला असतो, सील बिचारं काय करणार? ज्या माणसाचा सकाळचा एक फेरा चुकला तर दिवसाचं उत्पन्न जातं, त्याच्याच गाडीवर हे सर्वांत जास्त घडतं. मला या प्रकाराचा राग येतो, कारण उपाय फुकटचा आहे. कुठलाही नवा भाग लागत नाही, फक्त ॲडजस्टर थोडा कमी फिरवायचा.

कंपनी किती ढिलाई ठेवायला सांगते ते गाडीबरोबरच्या पुस्तकात असतं. अनेक गाड्यांच्या चिमट्यावर किंवा चेन कव्हरवर स्टिकरही असतो. आपल्या रोजच्या गाड्यांना ही ढिलाई साधारण 20 ते 30 मिलिमीटर असते, काहींना त्याहून जास्त. माप खालच्या पट्ट्याच्या मधोमध घ्यायचं, वर आणि खाली मिळून. गाडी साईड स्टँडवर असावी की डबल स्टँडवर, तेही त्याच पुस्तकात दिलेलं असतं आणि ते पाळावं लागतं, कारण वर सांगितलं तसं उभं राहण्याच्या पद्धतीनुसार माप बदलतं. दुसरं, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हळूहळू फिरवलं की एका जागी ती ताठ होते, दुसऱ्या जागी सैल. माप ताठ जागेवर घ्यायचं. सैल जागी माप घेऊन आवळली तर ताठ जागी ती जीवघेणी घट्ट होणार, आणि फिटर जिथे हात पडला तिथेच टिचकी मारतो. तिसरं, ॲक्सलचा मोठा नट आवळताना चाक किंचित सरकतं, म्हणून नट आवळून झाल्यावर माप पुन्हा बघायचं. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकचा रॉड ओढला जातो, त्यामुळे ब्रेकही परत जुळवायचा. नाहीतर ब्रेक घासत राहतो आणि गाडी ओढत नाही म्हणून पुन्हा चेनकडेच बोट दाखवलं जातं.

चाक वाकडं बसवण्याबद्दलही दोन शब्द. चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवल्या की झालं, असं मानतात. बहुतेक वेळा ते चालतं. पण अपघातात चिमटा हलला असेल तर खुणा खोटं सांगतात. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजू पाहाव्यात. एकाच अंगाला चकाकी आली असेल तर चेन तिरकी चालते आहे.

आता तेल. इथे दोन विरुद्ध मतं आहेत आणि दोन्ही चुकीची. एक म्हणतं, तेल लावलं की धूळ चिकटते, त्यापेक्षा चेन कोरडी बरी. दुसरं म्हणतं, इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल आहेच, ते ओता.

धूळ चिकटते हे खरं. कोकणात जांभ्याची लाल माती, देशावर काळी, उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला साठलेला चिखल आणि पाचट, हे सगळं तेलकट चेनवर बसतं. पण कोरड्या चेनचं काय होतं? पिन आणि बुश यांच्यातला थर संपला की धातू धातूवर घासतो, आणि पट्ट्यांच्या फटीतून तांबूस भुकटी बाहेर येते. ती माती नव्हे. ती पिनची आणि बुशची झिजलेली पूड आहे, हवेनं गंजलेली. ज्याच्या चेनच्या सांध्यांपाशी हा तांबूस रंग दिसतो त्याची चेन आतून संपत चालली आहे, बाहेरून ती कितीही स्वच्छ दिसो. कोरडी चेन धूळ धरत नाही हा तिचा फायदा सांगणारे ती पूड पाहत नाहीत. धुळीवरचा इलाज तेल टाळणं नाही. आधी पुसा, मग तेल थोडं लावा, जादा झालेलं पुन्हा पुसा. बाहेरून दिसणारं तेल जवळपास निरुपयोगी आहे. कामाचं तेल तेच, जे दोन पट्ट्यांच्या फटीतून आत उतरतं.

म्हणून ग्रीस चोपडणं मला पटत नाही. ग्रीस आत शिरत नाही, बाहेर राहून मातीचा लेप तयार करतं. जळक्या ऑइलबद्दल थोडं न्यायानं बोलायला हवं. साध्या, उघड्या चेनवर काहीच नसण्यापेक्षा ते बरं, आणि ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्यानं ते लावलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात इंजिनमधली काजळी असते, धातूचे बारीक कण असतात, जळण्यातून आलेली आम्लता असते. ज्या सांध्यातली झीज थांबवायची तिथेच दुसऱ्या यंत्राची झीज नेऊन घालायची, याला देखभाल म्हणता येत नाही. 90 नंबरचं गिअर ऑइल बाजारात सहज मिळतं, कित्येक कंपन्यांच्या पुस्तकांत चेनसाठी तेच सांगितलेलं आहे, आणि एका चेन-सेटच्या पैशात त्याच्या दोन-तीन बाटल्या तरी येतात. एक बाटली घरगुती गाडीला कितीतरी दिवस पुरते.

लावायची वेळही महत्त्वाची. सकाळी निघताना तेल घालून लगेच गाडी पळवली तर ते चाकावर, नंबर प्लेटवर आणि मागे बसलेल्याच्या कपड्यांवर उडतं. संध्याकाळी गाडी घरी आली की चेन कोमट असते. तेव्हा खालच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला, दोन्हीकडच्या फटींवर थेंब-थेंब सोडायचं. फिरताना ते बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं, म्हणजे सांध्यातून जातं. रात्रभर मुरू द्यायचं. साधारण 500 किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजल्यावर किलोमीटर न मोजता. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या लोकांना जून ते सप्टेंबर हे काम आठवड्याला करावं लागेल, त्याला इलाज नाही.

“आमच्या गाडीला ओ-रिंगची चेन आहे, तिला तेल लागत नाही” असं मोठ्या गाड्यांवाले सांगतात. 100-125 सीसीच्या बहुतेक गाड्यांवर साधी चेन असते, पण त्यापुढच्या अनेक गाड्यांवर पट्ट्यांमध्ये रबरी कड्या बसवलेली चेन येते. कारखान्यात भरलेलं ग्रीस या कड्या पिन आणि बुशमध्ये कोंडून ठेवतात, त्यामुळे ती खरोखरच खूप जास्त टिकते. पण बुश आणि रोलर यांच्यातल्या जागेला कुठलंही सील नसतं. रोलर दातांवर आपटतो तिथेही नसतं. रबर कोरडं पडलं की चिरतं, आणि एक कडी फुटली की त्या एका सांध्यातलं ग्रीस जातं, तो सांधा इतरांपेक्षा भराभर झिजतो आणि सगळी चेन बदलावी लागते. म्हणून तिलाही तेल लागतं, पण बाहेरून. तिला पेट्रोलनं धुवायचं नाही, तारेच्या ब्रशनं घासायचं नाही, आणि वॉशिंग सेंटरच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासमोर धरायचं नाही. पाणी आणि साबण कड्यांच्या आत ढकलले जातात. रॉकेल रबर खातं असं सांगून लोकांना घाबरवणारे मात्र चुकतात. चेन बनवणारे आणि गाड्या बनवणारे स्वतः रॉकेलनं पुसायला सांगतात. रबराला खरा धोका पेट्रोलचा आहे, आणि पेट घेण्याचाही.

सगळ्यात जास्त विरोध मला ‘कडी काढून देतो’ या उपायाला करायचा आहे. ॲडजस्टर शेवटाला पोचला, चेन तरी ढिली, तेव्हा दोन कड्या काढून चेन आखूड करतात. ढिलाई गेली म्हणून गाडीवाला आनंदतो; सेटचे पैसे वाचले असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात चेन आखूड झाली, पण तिच्या प्रत्येक सांध्यातली झीज जिथल्या तिथे आहे. दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर राहिलेलं नाही, वाढलेलं आहे, आणि स्प्रॉकेटचे दात अजून 12.7 च्याच हिशेबानं कापलेले आहेत. रोलर दाताच्या बुडाशी न बसता उतारावर चढतो, सगळा ओढ एक-दोन दातांवर येतो, दात एका अंगाला झिजून आकड्यासारखे होतात. मग ते आकडे चेनला सोडत नाहीत, ओढून धरतात. वाचवलेले पैसे दोन्ही स्प्रॉकेटच्या रूपानं जातात, कधी चेन तुटून माणसाच्या हाडांच्या रूपानं. चेन संपली की नाही हे ॲडजस्टरवरून ठरवायचंच नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेन गेली. मोजूनच घ्यायचं तर चेन ताणून वीस कड्यांची लांबी घ्या. 428 चेनला ती नवी असताना 254 मिलिमीटर असते. 259 च्या आसपास गेली तर दोन टक्के वाढ झाली, आणि त्यापुढे चालवणं म्हणजे स्प्रॉकेट खायला देणं. अनेक कंपन्यांची मर्यादा याहूनही कडक आहे.

त्याच कारणानं नुसती चेन बदलणंही फसवं आहे. आकडे झालेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती जुन्याच्या मापानं झिजायला लागते. पुढचं, मागचं आणि चेन एकत्र बदलायची. याविरुद्ध “दुकानदाराला सेट विकायचा असतो” असा आरोप होतो. दुकानदाराचा फायदा होतो हे खरं. म्हणून सल्ला खोटा ठरत नाही. आणि नवा सेट टाकताना मागच्या हबमधले रबरही पाहून घ्यावेत. ते चेपले असतील तर प्रत्येक गिअरचा धक्का थेट चेनवर येतो. साध्या लॉकची चेन असेल तर लॉकच्या चापाचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवं. उलटं बसलं तर चाप उडण्याची शक्यता राहते.

‘माल पूर्वीसारखा राहिला नाही’ हा शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. बाजारात नकली सेट आहेत, पॅकिंग हुबेहूब असतं, हे मान्य. पण कोइंबतूर आणि चेन्नईला बनणाऱ्या चांगल्या भारतीय चेन आजही चांगल्या आहेत. बदललं ते दुसरंच काही. पूर्वीच्या गाड्या चेनला झाकत होत्या. म्हैसूरला 1961 पासून बनलेल्या जावाची चेन पूर्ण बंद डब्यात चालायची. पूर्व जर्मनीच्या एमझेडची चेन रबरी नळ्यांमधून जायची. ब्रिटिश गाड्यांतल्या अनेकांत इंजिनचं किंवा टाकीतलं थोडं तेल मुद्दाम चेनवर ठिबकत असे, आणि 1969 च्या होंडा सीबी 750 ला गिअरबॉक्सच्या शाफ्टमधून चेनला तेल देण्याची सोय होती. चेन उघडी राहिली तर मरते हे बनवणाऱ्यांना तेव्हापासून माहीत आहे. आजही साध्या प्रवासी गाड्यांवर पूर्ण चेन कव्हर मिळतं आणि त्याच गाड्यांच्या चेन सर्वांत जास्त टिकतात. त्याउलट जरा तरुण दिसणाऱ्या गाड्यांना वर अर्धी पट्टी ठेवून बाकी सगळं मोकळं सोडलं आहे, कारण उघडं स्प्रॉकेट छान दिसतं. चिखलाच्या देशात हा निर्णय ग्राहकाच्या खिशावर घेतलेला आहे, आणि गाड्या बनवणाऱ्यांनी त्याचं उत्तर द्यायला हवं. कव्हर आहे म्हणून आत डोकावायचं नाही असं मात्र होऊ नये. कव्हरच्या तळाला छिद्रावर रबरी झाकण असतं, तिथून ढिलाई पाहता येते. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणामागे मातीचा गोळा साचतो, तो वर्षातून एक-दोनदा तरी काढावा लागतो.

“एवढा वेळ कुणाकडे आहे?” या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. पुसायला आणि तेल घालायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वेळ वाचवायच्या नादात मात्र एक गोष्ट घरोघरी आणि गॅरेजमध्येही घडते, आणि ती थांबलीच पाहिजे. गाडी डबल स्टँडवर चढवून, इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावायचं. फडकं दातांत अडकतं आणि त्याबरोबर बोटं जातात. अशी बोटं गमावलेली माणसं आपल्या आसपास आहेत. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवायचं. याला अपवाद नाही.

गॅरेज चालवणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. चेन आवळून झाली की मालकाला आणि आणखी एकाला गाडीवर बसवा, दुधाची गाडी असेल तर कॅन भरलेले असताना तपासा, आणि चाक फिरवून सर्वांत ताठ जागी बोट लावा. वजन पडल्यावरही चेन वर-खाली हलली पाहिजे. हलत नसेल तर ॲडजस्टर मागे घ्या, आणि गिऱ्हाईक “थोडी अजून टाईट करा की” म्हणालं तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.